२०००ची निवडणूक आणि वेस्ट व्हर्जिनियाची पाच मतं

गिरीकंद (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की चर्चा थेट फ्लोरिडात जाते. ५३७ मतांचा फरक, अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका, पाम बीच काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घोळ, १२ डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. यावर आपल्याकडेही भरपूर लिहून झालंय. मला मात्र त्या निवडणुकीतलं दुसरंच एक राज्य जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे फेरमोजणी झाली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही, टीव्हीवर वकिलांची गर्दी दिसली नाही. वेस्ट व्हर्जिनिया.

आधी हिशोब. अध्यक्ष थेट मतांवर नाही, तर राज्यांच्या प्रतिनिधी-मतांवर निवडला जातो, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना अशी २७१ मतं मिळाली, डेमोक्रॅट उपाध्यक्ष अल गोर यांना २६६ (वॉशिंग्टन डीसीच्या एका प्रतिनिधीने निषेध म्हणून मत कोरं ठेवलं). जिंकायला हवीत २७०. वेस्ट व्हर्जिनियाची होती ५. ती गोर यांच्याकडे राहिली असती, तर फ्लोरिडाची सगळी २५ मतं घेऊनही बुश २६६वर अडकले असते. फ्लोरिडाची मोजणी कशीही संपली असती तरी अध्यक्ष गोरच झाले असते.

आता कुणी म्हणेल, अशी जर-तरची राज्यं प्रत्येक निवडणुकीत सापडतात. पण हे राज्य हातून जाईल असं डेमोक्रॅटिक पक्षात कुणाला वाटावं असा इतिहासच नव्हता. १९३२ ते १९९६ या सतरा निवडणुकांपैकी चौदा वेळा वेस्ट व्हर्जिनियाने डेमोक्रॅट उमेदवाराला मत दिलं. अपवाद तीनच: १९५६, १९७२, १९८४. म्हणजे आयझेनहॉवर, निक्सन आणि रेगन, तिघेही गादीवर असताना आणि देशभर लाट असताना. १९८० मध्ये कार्टर यांच्या मागे फक्त सहा राज्यं उभी राहिली, त्यात हे एक. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी जेमतेम दहा राज्यं जिंकली, त्यातही हे होतं. १९९६ मध्ये क्लिंटन यांना इथे ५१.५ टक्के आणि रिपब्लिकन डोल यांना ३६.८. पक्षनोंदणीत डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या साधारण दुप्पट.

आणि चार वर्षांनी: बुश ३,३६,४७५, गोर २,९५,४९७. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४५.६. अध्यक्षपदावर नसलेल्या रिपब्लिकन उमेदवाराने हे राज्य जिंकण्याची १९२८ नंतरची ही पहिली वेळ.

हे कसं झालं ते समजायला कोळशाकडे जावं लागतं, आणि कोळशापेक्षाही युनियनकडे.

वेस्ट व्हर्जिनिया यादवी युद्धात व्हर्जिनियापासून फुटून २० जून १८६३ रोजी वेगळं राज्य झालं. सगळा मुलूख डोंगराळ. दक्षिणेकडच्या लोगन, मिंगो, मॅकडॉवेल, बून या काउंट्यांत अरुंद दऱ्यांमधून रेल्वे आणि खाणी आल्या. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, शेरीफही कंपनीच्या पगारावरचा. १९२१च्या ऑगस्टच्या अखेरीस दहा हजारांच्या आसपास खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन लोगन काउंटीवर चालून गेले. ब्लेअर माउंटनच्या धारेवर काही दिवस गोळीबार चालला. शेवटी फेडरल सैन्य उतरलं, कामगार मागे फिरले, शेकडोंवर खटले भरले गेले आणि त्या पट्ट्यातली युनियन जवळपास मोडली.

मग १९३३ मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्ट अध्यक्ष म्हणून आले. संघटित होण्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला आणि जॉन एल. लुईस यांच्या युनायटेड माइन वर्कर्सने बघता बघता अख्खा कोळसापट्टा बांधून काढला. तिथून पुढे खाणकामगाराच्या घरात डेमोक्रॅट असणं वेगळं ठरवावं लागत नव्हतं. पगार, पेन्शन, दवाखाना सगळं युनियनमुळे मिळालेलं, आणि युनियन उभी राहिली ती रूझवेल्टच्या कायद्यामुळे. १९५६ मध्ये या युनियनने केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात मिळून स्वतःची दहा रुग्णालयं उघडली.

पण त्याच्या आधीच, १९५०च्या करारात, लुईस यांनी एक मोठा सौदा केला होता. यंत्रं आणा, आम्ही आडवे येणार नाही. बदल्यात प्रत्येक टनामागे कामगार कल्याण निधीत पैसे भरा. मला हा सौदा कळतो. मरणाच्या जागी काम करणाऱ्या माणसाला म्हातारपणी औषध मिळावं, हे लुईस यांना आधी वाटलं. पण यंत्रं आली आणि माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते; २००० पर्यंत ते वीस हजारांच्याही आत आले. कोळसा मात्र जवळपास तेवढाच निघत होता. राज्याची लोकसंख्या १९५० मध्ये २० लाख, २००० मध्ये १८ लाख. जे उरले ते बरेचसे युनियन नसलेल्या खाणींत किंवा डोंगरमाथा उडवून कोळसा काढणाऱ्या उघड्या खाणींत.

माझं म्हणणं असं आहे: हे राज्य डेमोक्रॅट होतं ते पक्षाच्या एकूण विचारांमुळे कमी आणि युनियनमुळे जास्त. युनियन आटत गेली तरी मतं सवयीने पडत राहिली. क्लिंटन यांच्या दोन विजयांमुळे हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. आणि मग २००० मध्ये पक्षाने नेमका असा उमेदवार दिला ज्याची ओळखच हवामानबदलावरचं पुस्तक आणि कोळशासारख्या इंधनांमुळे होणारं उत्सर्जन कमी करण्याचा क्योटो करार अशी होती. बुश यांच्या बाजूला त्यांचे प्रचाराचे सूत्रधार कार्ल रोव्ह यांनी हे हेरलं आणि ज्या राज्याकडे रिपब्लिकन एरवी फिरकत नसत तिथे पैसा आणि वेळ घातला.

तुमचं मत वाचायला आवडेल. विशेषतः जे त्या भागात राहिलेत त्यांचं.


पिट्सबर्गकर

उत्तम विषय. मी सीमेच्या अलीकडे, पेनसिल्व्हेनियात राहतो. तेव्हाही इथेच होतो. कोळशाचं तुम्ही लिहिलंत ते पटलं, पण बंदुकीचा मुद्दा राहिला आणि तो लहान नाही.

वेस्ट व्हर्जिनियात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि कित्येक काउंट्यांत तो आठवडाभर शाळा बंद असतात. बाप मुलाला घेऊन जंगलात जातो, त्या मांसावर हिवाळ्यात घर चालतं. अशा ठिकाणी एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराची घटना घडल्यावर काय झालं बघा. मे महिन्यात सिनेटमध्ये बंदुकांच्या जत्रांमधल्या विक्रीला पार्श्वभूमी तपासणी लावायच्या दुरुस्तीवर ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष म्हणून निर्णायक मत गोर यांनी टाकलं. मला स्वतःला ते मत योग्य वाटतं. पण एनआरएला (बंदूकधारकांच्या ताकदवान संघटनेला) त्याहून चांगला पुरावा हवा तरी कोणता होता? मे २००० मध्ये त्यांचे अध्यक्ष चार्ल्टन हेस्टन यांनी डोक्यावर रायफल धरून थेट गोर यांचं नाव घेऊन आव्हान दिलं, ती चित्रफीत त्या वर्षी सगळीकडे फिरत होती.

युनियनचा माणूस आणि शिकारी हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. युनियनचं पत्रक त्याला सांगत होतं गोरला मत दे, एनआरएचं पत्रक सांगत होतं देऊ नको, आणि दोन्ही पत्रकं एकाच टपालपेटीत.


अस्मिता_के

लेख आवडला, पण एक शंका आहे, कारण ती तुमच्या मूळ मुद्द्याला लागते.

तुम्ही म्हणता कोळशामुळे राज्य गेलं. पण काउंटीवार निकाल पाहिले तर लोगन, मिंगो, मॅकडॉवेल, बून या चारही काउंट्या २००० मध्ये गोर यांनीच जिंकल्या, आणि चांगल्या फरकाने. खरा कोळसापट्टा तर गोर यांच्याबरोबर राहिला! बुश जिंकले ते बाकीच्या भागात. पूर्वेकडच्या बर्कली, जेफरसन काउंट्यांत तर लोक वॉशिंग्टनला नोकरीला जातात, त्यांचा खाणीशी काय संबंध? मग हे क्योटोचं स्पष्टीकरण नंतर चिकटवलेलं तर नाही ना?


गिरीकंद

अस्मिता, प्रश्न अगदी नेमका आहे. ही वस्तुस्थिती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट तिनेच ते पक्कं होतं असं मला वाटतं.

निकाल नुसता 'कोळसा विरुद्ध गोर' असा असता तर सगळ्यात आधी लोगन आणि मिंगो फुटायला हव्या होत्या. त्या सगळ्यात शेवटी फुटल्या. कारण युनियनची आठवण तिथेच सगळ्यात घट्ट होती: पेन्शनवरचे म्हातारे, विधवा, ब्लेअर माउंटनच्या गोष्टी ऐकत वाढलेली घरं. जिथे ती आठवण पातळ होती तिथे मतं आधी सरकली. पुढचा क्रम बघा. २००४ मध्ये या चारही काउंट्या डेमोक्रॅट केरी यांच्याकडे. २००८ मध्ये लोगन आणि मिंगो रिपब्लिकन मॅकेन यांच्याकडे गेल्या, बून आणि मॅकडॉवेल ओबामांकडे राहिल्या. २०१२ मध्ये रिपब्लिकन रॉम्नी यांनी राज्याच्या पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्या घेतल्या. बारा वर्षांत एकेक करून.

मॅकडॉवेलबद्दल एक सांगतोच. केनेडींनी अध्यक्ष झाल्यावर सुरू केलेल्या योजनेतले देशातले पहिले फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य घेण्यासाठी सरकारी कूपनं) मे १९६१ मध्ये याच काउंटीतल्या वेल्च गावात दिले गेले. १९६०च्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) प्रचाराला आले असताना केनेडींनी तिथली उपासमार डोळ्यांनी पाहिली होती. असं गाव पक्षाला सहजासहजी सोडत नाही.

पूर्वेकडच्या काउंट्यांबद्दल तुमचं बरोबर. त्यांचं राजकारण निराळं आहे, तिथे कोळसा आणायची गरज नाही.


नाडीपरीक्षा

बऱ्याच काळाने इथे लिहितोय. मी त्या वेळी दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातच होतो.

जे-१ व्हिसावर शिकायला आलेल्या डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ती अट माफ करून घ्यायची तर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. त्यामुळे त्या दऱ्याखोऱ्यांतल्या दवाखान्यांत भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो डॉक्टर भरपूर. आमच्या गावात मराठी घरं दोन, आमचं धरून. मला मताचा अधिकार नव्हता, पण दिवसभर मतदारांच्याच छातीला नळी लावत होतो.

काळ्या फुप्फुसाचा आजार, म्हणजे कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होणं, पुस्तकात वाचणं वेगळं. साठीचा माणूस तपासणीच्या टेबलापर्यंत चालत आला की पाच मिनिटं बोलू शकत नाही. त्याला मिळणारी भरपाई १९६९च्या खाणसुरक्षा कायद्यामुळे, आणि तो कायदा झाला फार्मिंग्टनच्या खाणीत नोव्हेंबर १९६८ मध्ये ७८ माणसं गेली म्हणून. माझ्या म्हाताऱ्या रुग्णांना हे सगळं तारखांसकट पाठ होतं. निवृत्त कामगारांचे वैद्यकीय लाभ १९९२ मध्ये बंद पडायच्या बेतात होते, ते सिनेटर जे रॉकफेलर यांनी कायदा करून वाचवले. त्यांचं नाव लोक घरच्या माणसासारखं घेत.

पण या माणसांबरोबर येणारे त्यांचे मुलगे वेगळ्या जगात होते. बापाला युनियनचं कार्ड, मुलगा उघड्या खाणीवर अवजड ट्रक चालवणारा, युनियन नाही, पगार मात्र चांगला. ऑक्टोबर १९९९ मध्ये फेडरल न्यायाधीश चार्ल्स हेडन यांनी डोंगरमाथ्याचा राडारोडा ओढ्यांत टाकण्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा त्या मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, पण २०००चं अख्खं वर्ष ती भीती होती. न्यायाधीश नेमले होते रिपब्लिकन अध्यक्ष फोर्ड यांनी, पण राग गेला 'पर्यावरणवाल्यां'वर, आणि पर्यावरणवाला म्हटलं की नाव एकच.

एका घरातले बाप-लेक दोघेही माझे रुग्ण. बापाने गोरना मत दिलं, मुलाने बुशना. भांडले नाहीत. बाप मला म्हणाला, त्याचं हप्त्यावरचं घर आहे, माझं पेन्शन आहे. मला ते वाक्य कुठल्याही विश्लेषणापेक्षा खरं वाटतं.


सांख्यिक

मुद्देसूद धागा. तरी एक आक्षेप.

बुश २७१वर होते, म्हणजे त्यांनी जिंकलेलं कुठलंही राज्य निर्णायक ठरवता येतं. टेनेसी, गोर यांचं स्वतःचं राज्य, ११ मतं, तेही गेलं. न्यू हॅम्पशायरची ४ मतं: तिथे फरक ७,२११ मतांचा आणि ग्रीन पक्षाचे उमेदवार नेडर यांना २२,१९८. तिथे नेडर नसते तर गोर जिंकले असते असं निदान आकड्यांवरून म्हणता येतं. वेस्ट व्हर्जिनियात फरक ४०,९७८ आणि नेडर यांची मतं साडेदहा हजारांच्या आसपास. म्हणजे तिथे नेडरना बोल लावता येत नाही. मग ज्या राज्यात सहा टक्क्यांहून जास्त फरकाने हरले त्याला 'हातचं' का म्हणायचं?


गिरीकंद

सांख्यिक, फरक मोठा होता हेच तर मला बोचतं. न्यू हॅम्पशायर थोडक्यात गेलं, फ्लोरिडा तर नखभर. अशा राज्यांत पाऊस, रांगा, मतपत्रिकेची रचना, काहीही कारण पुरतं. वेस्ट व्हर्जिनियात चार वर्षांत पंधरा टक्क्यांची आघाडी जाऊन सहा टक्क्यांची पिछाडी आली. एवढं सरकणं अपघाताने होत नाही.

आणि लोक एका रात्रीत रिपब्लिकन झाले असंही नाही. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर त्यांनी डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना सुमारे ७८ टक्के मतं दिली. त्याच दिवशी डेमोक्रॅट बॉब वाइज यांनी रिपब्लिकन गव्हर्नर सेसिल अंडरवुड यांना हरवलं. म्हणजे हजारो लोकांनी खाली डेमोक्रॅट आणि वर बुश असं मुद्दाम निवडून मत दिलं. हा मतदार झोपेत नव्हता.


रानजाई

मी पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून हे वाचताना त्रास झाला. डोंगराचे माथे उडवून ओढे बुजवले जात होते, हे खोटं होतं का? गोर चूक होते का? नव्हते. आणि बर्ड यांचंच उदाहरण घ्या. क्योटोच्या आधी, जुलै १९९७ मध्ये, विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असा करार नको असा ठराव सिनेटने ९५ विरुद्ध ० ने केला. त्या ठरावावर पहिलं नाव बर्ड यांचं होतं. गोर यांच्या पक्षाच्या एकाही सिनेटरने विरोधात मत दिलं नाही. मग क्योटोची किंमत एकट्या गोर यांनी का मोजायची?

शिवाय सप्टेंबर २००० मध्ये बुश यांनीही मिशिगनमधल्या सॅगिनॉ इथल्या भाषणात वीज केंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आणण्याचं वचन दिलं होतं. मार्च २००१ मध्ये त्यांनी ते सिनेटरांना पत्र लिहून मागे घेतलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या कुणी त्या वचनाचा जाब विचारला नाही.


नाडीपरीक्षा

रानजाईताई, तुमचं दुःख कळतं. त्या ओढ्यांचं पाणी मी पाहिलंय. पण विचार करा, बर्ड बोलायचे तेव्हा लोकांना माहीत होतं की हा माणूस आपल्यातला आहे, खाणकामगाराच्या घरात वाढलेला. १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यात नोकऱ्या जाणाऱ्या खाणकामगारांना भरपाई मिळावी म्हणून त्यांनी सिनेटमध्ये दुरुस्ती मांडली आणि ती एका मताने पडली. लोक हे विसरले नव्हते. ओढा वाचवायचा तर ट्रक चालवणाऱ्याचं काय करणार, हे कुणीतरी आकड्यांत सांगायला हवं होतं. माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी कुणापर्यंतही ते पोचलं नव्हतं.


काळाघोडा

एवढं खोलात कशाला जायचं? गोऱ्या, कमी शिकलेल्या, वंशवादी लोकांचं राज्य. २००८ आणि २०१२ला ते उघडंच पडलं. २०१२च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत टेक्सासच्या तुरुंगातल्या कैद्याला ओबामांविरुद्ध ४१ टक्के मतं दिली होती त्यांनी.


अस्मिता_के

काळाघोडा, २०१२चा तो निकाल खरा आहे आणि त्यात वंशद्वेषाचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण धागा २०००चा आहे, आणि तेव्हा दोन्ही उमेदवार दक्षिणेतले गोरे, नावाजलेल्या राजकारणी घरांतले होते. तेव्हाच्या बदलाला हे कारण कसं पुरेल?

आणि याच लोकांनी १० मे १९६० रोजी, सुमारे ९५ टक्के प्रोटेस्टंट राज्यात, कॅथलिक केनेडींना पक्षातलेच प्रतिस्पर्धी हंफ्री यांच्याविरुद्ध ६० टक्क्यांवर मतं दिली होती. कॅथलिक माणूस अध्यक्ष होऊ शकतो हे पक्षाच्या पुढाऱ्यांना पटलं ते त्या रात्री. शिक्षण तेव्हा आजच्यापेक्षा कमीच होतं. एका राज्याला असं एका ओळीत गुंडाळू नये.


पिट्सबर्गकर

+१ अस्मिता.

पोलादाचंही लिहायचं राहिलं होतं. राज्याच्या उत्तर टोकाला ओहायो नदीवर वीर्टन नावाचं गाव. तिथला पोलाद कारखाना १९८४ मध्ये कामगारांनीच विकत घेतलेला. १९९८च्या आशियाई मंदीनंतर स्वस्त आयात पोलादाचा लोंढा आला, कामगारांना घरी बसवलं गेलं. क्लिंटन-गोर सरकार काही करत नाही, हा तिथला रोजचा विषय होता. २००० मध्ये तो राग मतपेटीत उतरला. मार्च २००२ मध्ये बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं, मुक्त व्यापाराच्या पक्षाच्या अध्यक्षाने! कारखाना तरी वाचला नाही, मे २००३ मध्ये दिवाळखोरीत गेला, आणि त्याच वर्षाअखेरीस शुल्कही उठलं. २००४ मध्ये बुश यांना राज्यात ५६ टक्के मिळाले.


रानजाई

हे वीर्टनचं मला माहीत नव्हतं. गिरीकंद, मग तुमच्या मते ती युनियनची आठवण आता पूर्ण गेली का? २०१८ मध्ये तिथल्या शिक्षकांचा मोठा संप झाला होता, लाल रुमाल बांधून.


गिरीकंद

गेली नाही, पण पक्षापासून सुटली. २०१४ मध्ये विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं, आठ दशकांत पहिल्यांदा. २०१६ मध्ये त्यांनी युनियनची वर्गणी ऐच्छिक करणारा कायदा आणला. त्याच वर्षी ट्रंप यांना ६८ टक्के. आणि २०१८च्या फेब्रुवारीत पंचावन्नही काउंट्यांतल्या शाळा शिक्षकांनी बंद पाडल्या. नऊ शालेय दिवसांनी पाच टक्के पगारवाढ घेऊनच वर्गात परतले. संपावरच्या शिक्षकांत ट्रंपना मत देणारे कितीतरी असणार, राज्याचा कौल बघता दुसरं शक्यच नाही. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही आणि मलाही वाटत नाही. संप पगारासाठी होता, तो त्यांनी जिंकला.

नोंदणीचा आकडाही सांगून ठेवतो, कारण सुरुवातीला मी दुपटीचा उल्लेख केला होता. रिपब्लिकन नोंदणी डेमोक्रॅटांच्या पुढे गेली ती २०२१ मध्ये. म्हणजे वर बुशना मत देऊनही वीस वर्षं तिथे कागदोपत्री डेमोक्रॅटच रिपब्लिकनांपेक्षा जास्त राहिले.

१९६०च्या प्राथमिक निवडणुकीवर अस्मिताने लिहिलंय, त्यावर स्वतंत्र धागा काढावा असं वाटतंय. डॉक्टर, तुमच्या म्हाताऱ्या रुग्णांपैकी कुणी केनेडींच्या त्या प्रचाराबद्दल सांगितलं असेल तर तिथे नक्की लिहा.